पानकणसांची तहान

पूर्णेकाठच्या खारपट्ट्यात सोयरीक करताना आधी विहिरीची चौकशी करतात आणि मग नवरदेवाची. भागीरथाच्या बापानं ती केली नाही. त्याला बुधाजी माणूस म्हणून आवडला आणि त्यानं बुधाजीच्या श्रावणला लेक देऊन टाकली. खारवाडीत आल्या दिवशी भागीरथानं पाण्याचा पहिला घोट घेतला आणि तिचं तोंड आपोआप वाकडं झालं. सासू चतुराबाई पाहतच होती. म्हणाली, "होते सवय. मले बी झाली. भाजीत मीठ कमी लागते, असं समजाचं."

या गावात पाण्याची परीक्षा जिभेनंच व्हायची. विहीर खणताना माणूस मधूनमधून झिरपलेलं पाणी बोटावर घ्यायचा आणि जिभेला लावायचा. गोडं लागलं की तिथंच थांबायचं. अजून खाली गेलात की संपलंच. या काळ्या मातीच्या पोटात मीठ भरलेलं आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. गोड्या पाण्याची विहीर एकच, देवळामागची, आणि तिच्यावर बुधाजीच्या वस्तीतल्या कुणाला पाय ठेवता येत नव्हता. वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हापासून तर गाव सरळ तोंडानं बोलतही नव्हतं. वस्तीला आधार होता नाल्यातल्या रेतीत उकरलेल्या झिऱ्याचा.

वरच्या पेठेत कापसाची जिनिंग निघाली, माणसं वाढली, मोऱ्या बांधल्या गेल्या, आणि त्या सगळ्या मोऱ्या एक होऊन याच नाल्यात उतरल्या. झिऱ्याला वास यायला लागला. वस्तीतली पोरं हगवणीनं पिवळी पडली. त्यातच भागीरथाची पहिली पोर गेली. पोरीला माती देऊन सगळे घरी आले, बुधाजी आला नाही. तो नाल्याच्या कडेनं चालत वर गेला. वळणावर पानकणसांचं, पाण्यात वाढणाऱ्या त्या गवताचं, रान माजलं होतं, माणसाहून उंच. त्याच्या वरच्या अंगाला म्हशी पाण्याला तोंड लावत नव्हत्या आणि खालच्या अंगाला त्याच म्हशी पोट भरून पीत होत्या. बुधाजी दिवस कलेपर्यंत ते पाहत बसला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "म्हशीले समजते थे आपल्याले समजू नये काय?"

मग त्यानं वाफा बांधायला घेतला. नाल्याकाठचा पडीक तुकडा त्याला सरकारातून मिळाला होता. तो त्यानं गुडघाभर खोल आणि खळ्यासारखा सपाट खणला. पाणी मुरू नये म्हणून तळाला पिवळी माती घालून धुम्मसानं ठोकली, तीवर नदीतले गोटे आणि वीटभट्टीवरचे तुकडे पसरले आणि पानकणसांचे गड्डे आणून रोवले. वरच्या तोंडानं मोरीचं पाणी आत घ्यायचं आणि खालच्या तोंडानं नाल्यात सोडायचं. श्रावणनं खणलं, भागीरथानं टोपली वाहिली, चतुराबाईनं दिवसभर शिव्या दिल्या आणि भाकरी पोचवल्या. गाव हसलं. 'बुधाजीनं पाण्याचा दवाखाना काढला' असं पारावर म्हणू लागलं. बुधाजीला त्याचं काहीच नव्हतं. ज्यानं जन्मभर गावाचं बोलणं खाल्लं, त्याला हसण्याचं काय जड?

पण दवाखाना चालला. पावसाळ्यात पानकणसं तरारली, त्यांना हातभर तपकिरी कणसं लागली, आणि काळं, फेसाळ, नाक मुरडायला लावणारं पाणी वरून शिरून खालून स्वच्छ निघू लागलं. झिऱ्याचा वास गेला. भागीरथाची दुसरी पोर पंचफुला धडधाकट रांगू लागली. हे सासऱ्याच्या हातचं आहे, असं भागीरथा मनाशी धरून होती. तोंडानं कधी बोलली नाही. सून सासऱ्याला कशाला असं बोलेल? पण तो वाफ्याच्या बांधावर उभा दिसला की तिला बरं वाटायचं.

वाफ्याच्या खाली नत्थुजी माळ्याची वांग्याची बाग होती. नाल्यात बुडकी खणून तो मोटेनं पाणी घ्यायचा. सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला होता. वांगी टपोरी झाली, अंजनगावच्या बाजारात हातोहात गेली, तेव्हा त्यानं हसायचं बंद केलं. खारवाडीत याहून जास्त आभार कुणी मानत नाही.

दुसरा उन्हाळा आला तो मात्र तोंड फिरवून आला. चैत्रातच वाफ्याच्या खालच्या तोंडाची धार मनगटाची बोटाएवढी झाली. वरून पाणी होतं तितकंच येत होतं. चैत्र सरत आला. दुपारी मातीवर पाय ठेवला तर फोड यावा असं ऊन, आणि त्यात पानकणसं हिरवीगार, सळसळती, जशी काही त्यांच्या घरी लग्न आहे.

एका सकाळी नत्थुजी बांधावर येऊन उभा राहिला. हातात वांग्याचं झाड मुळासकट उपटलेलं. पानांच्या कडा करपून वर वळलेल्या.

"बुधाजी, पाय हे. काय टाकून राह्यला तू पान्यात?"

"म्या काय टाकू नत्थुजी?"

"मंग माही बाग जयली कायनं? चाखून पाय तुह्या दवाखान्याचं पानी. चाख ना! आता काहून गप?"

बांधावर माणसं जमली होती. बुधाजी खाली उतरला, खालच्या तोंडाशी बसला, धारेत बोट धरलं आणि जिभेला लावलं. भागीरथा वरून पाहत होती. सासऱ्याचा चेहरा तिनं पोरीला माती देतानाही असा पाहिला नव्हता.

"खारं हाये," बुधाजी म्हणाला.

"हाये ना? आखाजी झाली की मी माणसं घेऊन येतो अन् हा तुहा बांध फोडून टाकतो. पयले सरळ पानी येत होतं, थेच बरं होतं."

"तुले कायले त्रास," बुधाजी उठत म्हणाला. "म्या केलं, मीच बुजवतो. खोल गेलो मी, नत्थुजी. खालचं मीठ वर आलं. चूक माही हाये."

नत्थुजी भांडायच्या तयारीनं आला होता. समोरच्यानं चूक कबूल केल्यावर भांडावं कुणाशी? उपटलेलं झाड तिथंच टाकून तो निघून गेला.

घरी श्रावण चिडला. "बाबा, दोन वर्स हाडं झिजवली आपण! अन् तुमी एका बोटात कबूल होऊन गेले?"

"जीभ खोटं बोलते काय? गड्याची बाग जयली. आपल्या हातानं जयली." बुधाजी टोपली शोधू लागला. "उद्यापासून कायी माती टाकू. खालच्या आंगानं सुरुवात करू."

"मंग झिऱ्याले वास येईन," भागीरथा दाराआडून म्हणाली. एरवी ती सासऱ्यापुढे असं बोलत नसे. "मामाजी, पंचफुला लहान हाये."

बुधाजी थांबला.  मग त्यानं टोपली उचलून दाराशी ठेवली. एका बाजूला नात आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं नुकसान, असा तो माणूस कात्रीत सापडला होता, आणि त्याला खोटेपणा करता येत नव्हता.

माती टाकायला सुरुवात झाली. वाफ्याच्या खालच्या टोकाची पानकणसं श्रावण मुळासकट उपटायचा आणि भागीरथा तिथं मातीची टोपली रिकामी करायची. पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावर चुंबळ बसेना. आपण टाकलेले गोटे आपणच बुजवायचे, हे काम फार जड असतं. मान दुखत होती, पण तिला रडू येत होतं ते मानेमुळे नव्हे.

दुपारी ती स्वयंपाकाला घरी आली. झिऱ्याच्या पाण्याचीही चव फिरली होती, आणि खाऱ्या पाण्यात डाळ काही केल्या शिजत नाही. ती पाणी घालत होती, डाळ आटत होती, ती पुन्हा घालत होती. शेवटी जेवायला बसल्यावर चतुराबाईनं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं.

"मिठाचा डबा उपडा केला काय व?"

"मीठ टाकलंच नाई, आत्याबाई."

"मंग हे काय हाये?"

"पानी आटलं. मीठ राहून गेलं." भागीरथा बोलून गेली आणि तिचा हात ताटातच थांबला.

पाणी आटलं, मीठ राहून गेलं. मग वाफ्यातलं पाणी जातं कुठं? मनगटाएवढं शिरतं आणि बोटाएवढं निघतं. मधलं कोण पितं? खाली तर पिवळी माती तिनं स्वतः ठोकली होती, धुम्मस धरून धरून तिच्या तळहाताची सालं निघाली होती. तिला उन्हात सळसळणारी ती हिरवीगार पानकणसं आठवली, आणि जेवण तसंच टाकून ती उठली.

घरामागं घासलेटचे दोन रिकामे डबे होते. ते तिनं राखेनं घासून काढले. दोन्हींत सारखे गोटे घातले. एकात पानकणसाचा गड्डा रोवला, दुसऱ्यात काहीच नाही. दोन्हींत मोरीचं पाणी काठोकाठ भरलं आणि डबे अंगणातल्या सपाट दगडावर उन्हात मांडले.

श्रावण आला आणि पाहत राहिला. "हे काय भातुकली मांडली?"

"तुमी म्हंता मीठ खालून येते. आता या डब्याच्या खाली दगड हाये. दगडातून तर येनार नाई ना?"

"बाबाले सांगितलं?"

"सांगीन. आधी मले पाहू द्या."

"तोवर माती?"

"माती टाकीन मी. थे काम थांबवत नाई." आणि तिनं चुंबळ उचलली.

त्यानंतरचे दिवस फार विचित्र गेले. भागीरथा दिवसभर वाफा बुजवत होती आणि सकाळ-संध्याकाळ तोच वाफा वाचवायच्या खटपटीत होती. सकाळी उठून डबे पाहायची. मोकळ्या डब्यातलं पाणी थोडं उतरलेलं असायचं, गडवाभर घातलं की काठाला यायचं. पानकणसाचा डबा मात्र पार तळाला गेलेला. तिथं कळशी ओतावी लागायची. त्याच मोरीचं, तेच पाणी. ते एकटं झाड म्हशीसारखं पीत होतं. चतुराबाईनं आधी 'सून बयाळली, डोकं फिरलं तिचं' असं ठरवलं. मग एक दिवस भागीरथा माती टाकून उशिरा आली तेव्हा तिला दिसलं की सासूनंच कळशी नेऊन डबा भरून ठेवला आहे.

"पाहून राह्यली काय? थ्याले बी तहान लागते," चतुराबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

वाफ्याचा खालचा कोपरा बुजला. आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण उद्यावर आला. त्या सकाळी भागीरथानं पानकणसाच्या डब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकली, आणि पदर सावरून थेट बुधाजीपुढे जाऊन उभी राहिली.

"मामाजी, जरा आंगणात या."

बुधाजी आला. तिनं सगळं सांगितलं. डाळीपासून सांगितलं, कारण तिला दुसरीकडून सुरुवात करता येत नव्हती. बुधाजीनं मध्येच तोडलं नाही. मग तो डब्यांपाशी उकिडवा बसला. मोकळ्या डब्यातलं पाणी हिरवं झालं होतं, नाकात वास भरत होता. पानकणसाच्या डब्यातलं पाणी नितळ, तळाचे गोटे दिसत होते. त्यानं त्यात बोट घातलं. जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग हिरव्या, वासाच्या पाण्यातही बोट घातलं आणि तेही चाखलं. चतुराबाई ओरडली, "अवो, थे कायले!"

"दोन्ही चाखल्याबिगर कसं समजन?" तो थुंकला. "हे घाण हाये, पन खारं नाई. अन् हे साफ हाये, पन खारं हाये." त्यानं झाडाचं पातं हातात धरलं. "घाण खाते बिचारं. अन् गोडं पानी पिऊन घेते. मीठ तेवढं आपल्यासाठी ठेवते."

"हाव."

"बाई," बुधाजी म्हणाला, "मी जमिनीले बोल लावला. तू झाडाकडे पाह्यलं." तो उठला. खांद्यावरचं फडकं झटकलं. "श्रावण! टोपल्या ठेव खाली. नत्थुजीले बलावून आन. आताच."

भागीरथाला वाटलं होतं, सासरा चार प्रश्न विचारेल, निदान दोन दिवस विचार करेल. साठीला टेकलेला माणूस, साऱ्या गावादेखत एक गोष्ट कबूल केलेली, आणि आता साऱ्या गावादेखत ती फिरवायची, तीही सुनेच्या बोलण्यावरून. त्यानं क्षणभरही मागंपुढं पाहिलं नाही. असा माणूस आपल्याला सासरा मिळाला, याचा तिला त्या वेळी इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

नत्थुजी आला, पण अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. वस्तीतल्या अंगणात तो कधी शिरला नव्हता.

"काय हाये?"

"आत ये. चाखून पाय."

"तुह्या डब्यातलं?"

"तूच म्हने ना चाख म्हणून. म्या चाखलं. आता तू चाख."

माणसं पुन्हा जमली होती, अर्धी वस्तीची, अर्धी गावची. नत्थुजीनं इकडेतिकडे पाहिलं. बाग जळालेला माणूस होता तो, आणि त्याला कळायला हवं होतं. तो आत आला, नितळ पाण्यात बोटाचं टोक बुडवलं, जिभेला लावलं.

"खारं."

"खाली काय हाये डब्याच्या?"

नत्थुजीनं डबा उचलून पाहिला. दगड पाहिला. डबा पुन्हा ठेवला. "मंग मीठ आलं कोठून?"

"पान्यात होतं थेच, आटून दाट झालं. सुनबाई, सांग त्याले."

भागीरथानं पदर पुढं ओढून, जमिनीकडे पाहत, पुन्हा डाळीपासून सांगितलं. नत्थुजी माळी होता. झाड किती पितं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. अर्ध्यातच तो म्हणाला, "बस, बस. समजलं. मंग कापून टाका सगळी. आजच. पानी मोकयं होईन."

"सगळी नाई," बुधाजी म्हणाला.

"काहून नाई?"

"हा दुसरा डबा सुंगून पाय."

नत्थुजीनं वाकून पाहिलं आणि तोंड फिरवलं. "अरारा!"

"सगळी कापली तर हे येईन खाली. तुह्या बुडकीत बी अन् आमच्या झिऱ्यात बी. अर्धी ठेवू, अर्धी कापू. जेवढी घाण खाल्ली पाह्यजे तेवढी खातीन, अन् पितीन कमी. पावसाळा लागला की वाढू देऊ. फागुनात पुन्हा कापू."

"अर्धी कापून भागन कशावरून?"

"थे मले मालूम नाई," बुधाजी म्हणाला. "करून पाहू. नाईच भागलं तर बांध तू फोडू नको, मीच फोडीन."

आखाजीच्या दिवशी गावात पुरणपोळ्या होत होत्या आणि बुधाजीचं घर वाफ्यात उतरलं होतं. आधी बुजवलेला कोपरा पुन्हा उकरून काढला. मग श्रावण आणि बुधाजी विळ्यांनी पानकणसं पाण्याच्या वर वीतभर ठेवून कापत गेले, एक पट्टा कापायचा, एक सोडायचा. भागीरथा आणि चतुराबाई भारे बांधून बांधावर टाकत होत्या. पात्यांच्या कडा धारदार असतात. दुपारपर्यंत चौघांचे हात ओरखड्यांनी भरले, आणि घाम त्यांत गेला की जीव कळवळायचा. कापलेल्या पात्यांच्या चटया होतील, गोठ्याची झडप होईल, असा हिशेब चतुराबाई मोठ्यानं करत होती.  प्रत्येक पट्टा झाला की बुधाजी खालच्या तोंडाशी जाऊन धार पाहून यायचा. धार तेवढीच होती. संध्याकाळीही तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशीही फारसा फरक दिसला नाही. श्रावण त्या रात्री कमी जेवला. त्यानंतर एका सकाळी भागीरथा झिऱ्यावर गेली, तर वाफ्याच्या तोंडाशी पाण्याचा आवाज येत होता. तिनं वाकून पाहिलं. धार चांगली दोन बोटं जाड झाली होती. रंग पूर्वीइतका नितळ नव्हता, किंचित पिवळट होता. तिनं चाखलं. मग धावत घरी आली. धापा टाकत होती म्हणून तिला बोलता येईना, पण बुधाजीला कळलं.

नत्थुजीनं त्यानंतर बागेला चार-दोन पाळ्या पाणी दिलं, आणि मग एका भर दुपारी तो आला. वांग्याला नवी पालवी फुटली होती. ती दाखवायला तो एक डहाळी घेऊन आला होता, आणि या वेळी अंगणाबाहेर थांबला नाही. दगडावर टेकला. उन्हानं त्याचा चेहरा लाल झाला होता.

"झिऱ्याचं बी सुधरलं म्हंतात," तो म्हणाला.

"रेतीतून गायून येते ना. सुधरलं," बुधाजी म्हणाला.

"घोटभर दे मंग. घसा सुकला."

शेजारची माणसं दारात आली. भागीरथा आत गेली, माठातलं पाणी गडव्यात भरून बाहेर आली. नत्थुजीनं दगडावरून खाली उकिडवं बसून ओंजळ पुढं केली. त्यांच्या भांड्याला तोंड कसं लावायचं, म्हणून. भागीरथानं गडवा वरून तिरपा करायला घेतला.

"थांब बाई," बुधाजी म्हणाला.

ती थांबली.

"असं वरून वतू नको. साठ वर्सं म्या तसं पेलो. घशाखाली उतरत नाई थे पानी." तो नत्थुजीकडे पाहत नव्हता, सुनेकडेच पाहत होता. आवाजात राग नव्हता. "माणूस तहानेला हाये. गडवा त्याच्या हाती दे."

भागीरथानं गडवा पुढं धरला. नत्थुजीची ओंजळ तशीच रिकामी, हवेत. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला आणि पडला. मग त्यानं ओंजळ सोडली, गडवा घेतला, तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला.

"गोडं हाये," तो म्हणाला, आणि रिकामा गडवा तिच्यापुढं धरला. "अजून आन, बाई."